तळाशी उतरलेला निळा

मार्च लागला की आमच्या प्रयोगशाळेत निळ्या बोटांचे दिवस येतात. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. साबण आणि रंगाचा प्रयोग वर्षभर कोणी मनावर घेतलेला नसतो, आणि आता सगळ्यांना तो एकाच दुपारी उरकायचा असतो. चामोर्शीच्या आमच्या कॉलेजात पंखे आहेत. ते वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतात. खिडकीबाहेर पळस फुललेला असतो. पळसाबद्दल लिहिण्याचं काम मी मराठी विभागावर सोपवलं आहे आणि ते लोक दर वर्षी भित्तिपत्रकातून ते इमानेइतबारे करतात. माझ्या वाट्याला निळा येतो.

मिथिलीन ब्लू नावाची गडद पूड असते. चिमूटभर टाकली तर बादलीभर पाणी निळं होतं, आणि बोटांना लागली तर होळी येऊन गेली तरी जात नाही. या निळ्या पाण्यात साबणाचं पाणी थेंब थेंब टाकत जायचं आणि काय होतं ते बघायचं, एवढाच प्रयोग. साबणाच्या कणाचं डोकं पाण्यात रमतं आणि शेपटी पाण्याला भिते. साबण थोडा असतो तेव्हा हे कण सुटे सुटे हिंडतात आणि समोर येईल त्या रंगाच्या कणाला धरतात. धरलेले रंगाचे कण एकमेकांना खेटतात, निळा जांभळट होतो, मळतो, त्याचं तेज जातं. साबण वाढवत नेला की एक क्षण असा येतो की साबणाचे कण घोळका करून बसतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. रंगाचा एकेक कण त्या घोळक्याला चिकटतो आणि नळीतला निळा पुन्हा लख्ख होतो.

या वर्षी एका मुलीने ती नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि ओरडली, "सुटला मॅडम! रंग सुटला!"

मी म्हटलं, "सुटला नाही, अडकला. तसंच लिही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तिच्या साखरपुड्यात येऊन मी काहीतरी भलतंच बोलले. तिचं चुकलं नव्हतं. नळीत जे दिसतं त्यावरच विश्वास ठेवायला आम्ही त्यांना शिकवतो. मीही बरीच वर्षं तेच शिकवत आले, आणि अजूनही शिकवते, कारण अभ्यासक्रमात दुसरं काही नाही. फक्त मार्चमध्ये शिकवताना माझा आवाज थोडा खाली येतो. एका गावातली एक विहीर डोळ्यांपुढे येते आणि तिच्या शेजारच्या घरातली पार्बताबाई.

माझं लहानपण ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील वीज केंद्रात होते. वारा आमच्या बाजूला फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर राखेची बारीक पूड बसायची. आई पांढरे कपडे पुन्हा धुवायची, नीळ द्यायची, पुन्हा वाळत घालायची, आणि वारा पुन्हा फिरायचा. शाळेत स्वच्छतेवर निबंध यायचा तेव्हा आम्हा क्वार्टरमधल्या मुलांना फार काही सुचत नसे. स्वच्छ ही वस्तूची अवस्था नसून वाऱ्याची मेहरबानी आहे, असं लिहिलं असतं तर गुण मिळाले नसते. निळीची बादली मात्र चांगली आठवते. आई ढवळायची तोवर पाणी एकसारखं निळं, आणि बादली जरा वेळ तशीच राहिली की सगळी नीळ तळाशी जाऊन बसायची, वर पाणी जवळजवळ कोरं. हे दृश्य आमच्या घरांतून प्रत्येक बाईने पाहिलेलं आहे. पुढे ते एका बाईच्या इतकं अंगावर येईल असं तेव्हा वाटायचं काही कारण नव्हतं.

काही वर्षांपूर्वी अशाच मार्चमध्ये पाण्याचा सप्ताह होता. आपल्याकडे पाणी कधी असतं, कधी नसतं, सप्ताह मात्र ठरल्या दिवशी असतो. कॉलेजाने एक गाव निवडावं, तिथे जाऊन पाणी तपासून दाखवावं, जिल्ह्याहून पाहुणे येतील, असा आदेश होता. आमचे विभागप्रमुख बोरकुटे सर अशा आदेशांवर जगतात. माणूस वाईट नाही. फक्त समोर माईक असला की त्यांच्यातला रसायनशास्त्राचा माणूस मागच्या दाराने निघून जातो आणि सूत्रसंचालक उरतो.

गावाचं नाव लिहीत नाही. चामोर्शीहून जंगलाकडे जाताना धानाच्या कोरड्या बांध्या संपतात आणि मोहाची झाडं सुरू होतात, तिथलं ते गाव. त्या दिवसांत गाव अर्धं रिकामं असतं. अंगात ताकद असलेली माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. मागे राहतात म्हातारे, लेकुरवाळ्या बाया आणि पदाधिकारी. पहाटे मोहफुलं वेचायची, दिवसा ती अंगणात वाळत घालायची. सगळ्या गावाला तो गोड, जड, जरासा आंबूस वास. हापशीच्या पाण्यात लोह एवढं की भात तांबूस होतो आणि चहा काळा. पिण्याजोगं पाणी समाजमंदिराजवळच्या एका विहिरीचं. सगळं गाव तिच्यावर.

विहिरीला लागून पार्बताबाईचं घर. ती गावची वरठीन. कपडे ती खालच्या नाल्यावर धुवायची, विहिरीवर कधीच नाही; विहिरीतून बाकी बायांसारखं पिण्याचं पाणी तेवढं भरायची. सरपंचांचे, शाळेच्या गुरुजींचे, शेजारच्या गावातल्या दोन-चार नोकरदारांचे पांढरे कपडे तिच्याकडे. नीळ देण्यात तिचा हात असा होता की सरपंच दिवाकरभाऊंचा सदरा तालुक्याच्या बैठकीत लांबून ओळखू यायचा. तिचा नवरा महादेव मिरचीला गेलेला.

पाहुणे येणार म्हणून दिवाकरभाऊंनी पावडरचे पुडे आणून तिच्या हातात दिले आणि विहिरीचा चबुतरा घासायला सांगितलं. तिने चबुतरा घासला, कठडा घासला, रहाटाची बादली घासली. आदल्या दिवशी कॉलेजने पाठवलेली काचेची बाटली चबुतऱ्यावरच ठेवलेली होती. ती साहेबाच्या हातात जाणार होती. पार्बताबाईने तीही घासली, आतून बोट फिरवून, भरपूर फेस काढून. मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून खंगाळताना तिने हात आखडता घेतला. सकाळी त्याच बादलीने पाणी काढून तीच बाटली भरली. यातली प्रत्येक गोष्ट तिने चांगल्या मनाने आणि चांगल्या हाताने केली. घरात आलेल्या पाहुण्याला आपण धुतलेल्या पेल्यात पाणी देतो, तसं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी मंडपात तिसऱ्या रांगेत होते. पाहुणे उशिरा आले, पुष्पगुच्छ वेळेवर आले होते आणि वाट पाहून मान टाकत होते. दीपप्रज्वलन झालं, वाऱ्याने ज्योत विझली तेव्हा सर्वांनी ती पेटलेली आहे असं धरून टाळ्या वाजवल्या. पाण्याचं महत्त्व सांगणारी भाषणं झाली. त्यांतल्या एकाही वक्त्याने गावाच्या हापशीचं पाणी पिऊन पाहिलं नव्हतं. टेबलावर शहरातल्या सीलबंद बाटल्या होत्या.

मग बोरकुटे सर उठले. प्रयोग साधा आहे. पाण्यात मिथिलीन ब्लू टाकायचा, वरून क्लोरोफॉर्म ओतायचा आणि सगळं हलवायचं. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. पाण्यात साबण नसेल तर निळा पाण्यातच राहतो आणि खालचा थर कोरा. साबण असेल तर त्याचे कण रंगाच्या कणांना धरतात आणि जोडीजोडीने खाली घेऊन जातात. खालचा थर निळा होतो. एरवी रंग पाणी सोडत नाही. साबणाने हात धरला की सोडतो.

सरांनी आधी सीलबंद बाटलीतलं पाणी घेतलं. वर निळं, खाली कोरं. टाळ्या. मग विहिरीचं पाणी घेतलं. नळीच्या आकाराचं काचेचं भांडं त्यांनी डोक्याच्या वर धरून हलवलं, स्टँडवर लावलं, आणि पाहुण्यांकडे हात करून म्हणाले, "आता पाहा, आपल्या ग्रामीण भागातील निसर्गदत्त शुद्धता!"

खालचा थर निळा झाला. हळूहळू, खालून वर, दाट.

सर माईकसमोर तसेच उभे. मागून एक म्हातारा बोलला, "निळं त मास्तरनंच टाकलं ना बे!" लोक हसले. सर सावरले. म्हणाले, वरचा निळा आम्ही टाकला. खाली उतरला तो या पाण्यातल्या साबणामुळे, धुण्याच्या पावडरीमुळे. पाण्यात धुणं आहे.

धुणं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. त्याच म्हाताऱ्याने पुन्हा फिरकी घेतली, "मंग बराबर हाय. वरठीनची नीळ हाय ते. नीळ बुडालेच बसते."

पुन्हा हसू आलं. पण या वेळचं हसू अर्ध्यावर थांबलं. ती थट्टा होती, आणि मांडव सोडवायला आलेल्या माणसांनी दोऱ्या काढेपर्यंत त्या थट्टेचा निकाल झालेला होता.

मी पुढे जाऊन बाटली हुंगली. लिंबाचा वास येत होता, पुड्यांवर ज्या लिंबाचं चित्र असतं त्या लिंबाचा. मी सरांच्या कानाशी लागून म्हटलं, "सर, बाटली पावडरने धुतलीय. विहिरीचा काही संबंध नाही. आत्ताच सांगा."

सर हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाले, "मॅडम, पाहुणे बसलेले आहेत."

मी तरी माईकपाशी गेले. तोवर माईकवाला वायर गुंडाळत होता. मी तोंडाने सांगितलं. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं, मान हलवली. मॅडम गावाची बाजू सांभाळून घेतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पार्बताबाई मागे खांबाला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्या भांड्याच्या तळावर होती. आयुष्यभर तिने नीळ तळाशी बसताना पाहिली होती. ते पाहायला तिला कोणाच्या शास्त्राची गरज नव्हती, आणि तिथेच घात झाला. आपलंच धुणं विहिरीत उतरलंय, हे तिला मनातून पटलं.

तिला कोणी विहीर बंद केली नाही. बंदीला बैठक लागते, ठराव लागतो, हात वर करावे लागतात. इथे एवढंच झालं की ती बादली घेऊन आली की बाकीच्या बाया आपली बादली काढून घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. एक शेजारीण तिच्या घागरीकडे बोट करून म्हणाली, "गुंड इथी ठेव, मी वरून टाकून देतो." चांगल्या मनानेच म्हणाली. माझ्या घरात वरून ओतलेल्या पाण्याच्या गोष्टी आजोबांच्या पिढीपर्यंतच्या आहेत. दीक्षा घेतल्यानंतरच्या पिढ्यांना त्या फक्त सांगितल्या गेल्या. पार्बताबाईने गुंड ठेवला नाही. ती खाली नाल्याकडे गेली.

पुढच्या रविवारी मी एसटीने त्या गावाला गेले. सोबत माझ्या हाताने, साबण न लावता धुतलेल्या बाटल्या. मी रहाट ओढला, बाटल्या त्याच पाण्याने विसळून मग भरल्या, आणि कॉलेजात येऊन प्रयोग केला. खालचा थर कोरा. पुन्हा केला. कोरा. मला इतका आनंद झाला की मी ते भांडं तसंच ठेवून सरांना दाखवलं. सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे मॅडम. पण तो कार्यक्रम आता झालेला आहे." झालेल्या कार्यक्रमापुढे शास्त्राचं काही चालत नाही, हे मला तेव्हा नवीन होतं.

मी दिवाकरभाऊंकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चेहरा खुलत गेला.

"म्हंजे आता इहीर साफ हाय म्हनता?"

"आधीपासूनच साफ होती, भाऊ. बाटलीत पावडर होती."

"आता साफ हाय ना पन?"

"हो."

"बाप्पा! म्हंजे उपाय लागू पडला." ते आत वळून ओरडले, "अवो, चाय मांडा मॅडमले! इहीर सुधरली. वरठीन थांबली आन आठ दिसात पानी साफ!"

मी खुर्ची पुढे ओढली. समजावून सांगितलं. पुन्हा सांगितलं. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या बाजूला जाऊन बसलं. मी जी शुद्धता सिद्ध करायला गेले होते ती तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. त्यात त्यांची लबाडी नव्हती. दोन निकाल होते: ती पाणी भरत होती तेव्हा निळा, ती थांबली तेव्हा कोरा. मी वर्गात याहून कमी पुराव्यावर विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढायला लावते.

पावसाळ्याआधी दुसरा कार्यक्रम झाला. दोष ओळखून तो लोकसहभागातून दूर करणारं गाव म्हणून विहिरीला एक फरशी बसली, तिच्यावर पाहुण्यांचं नाव कोरलं गेलं. विहिरीचं नाव नाही. विहिरीला नाव नव्हतंच. बोरकुटे सरांनी प्रयोग करून दाखवला, खालचा थर कोरा राहिला, आणि या वेळी निसर्गदत्त शुद्धतेऐवजी त्यांनी 'जनजागृतीचं फलित' हे शब्द वापरले. पार्बताबाई आली होती. खांबाशी उभी होती. थर कोरा राहिला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर माझ्याजवळ आली. चेहऱ्यावर खरंच समाधान होतं.

"बरं झालं बाई. माह्या जीवाले लई घोर होता. लेकराईनं पेलं असन ते पानी."

मी तिला विनवलं. म्हटलं, तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर एक बादली काढा, मी लगेच तपासून दाखवते. ती दचकून मागे सरली.

"आन निळं झालं त?"

"होणार नाही."

"तुमी त कालेजात जासान, बाई. मले इथीच राहाचं हाय."

महादेव मिरचीहून परत आला तेव्हा त्याने आरडाओरडा केला असं ऐकलं. चबुतऱ्यावर चढून म्हणाला म्हणे, "पावडर कोनं देल्ली होती? दिवाकरनं! मंग दिवाकरले धाडा नाल्यावर! त्याचाच सदरा धुवाले लागते ना नीळ!" गाव हसलं. महादेव विनोदी माणूस, त्याचं रागावणंही लोक करमणूक म्हणून ऐकतात. तो स्वतः विहिरीचं पाणी भरू लागला. त्याला कोणी अडवलं नाही, कारण तो धूत नव्हता. पण त्याने आणलेलं पाणी पार्बताबाई पीत नसे. स्वयंपाकालाही घेत नसे. "तुमी पेवा," म्हणायची, आणि आपला गुंड घेऊन खाली जायची. महादेव एकदा मला बसस्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "गावाले समजावून पाह्यलं असतं बाई. हिले कसं समजावू? हे त स्वतःच पंच होऊन बसली."

कपडे येणंही कमी होत गेलं. दिवाकरभाऊंचा सदरा आता चंद्रपूरला मशीनमध्ये धुतला जातो आणि बैठकीत ओळखू येत नाही.

तेव्हापासून दर मार्चला त्या विहिरीची बाटली माझ्याकडे येते. बाटली मी स्वतः नेते, स्वतः विसळते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. दर वर्षी वरचं पाणी निळं, खालचा थर कोरा. दर वर्षी गावात बातमी जाते की पाणी अजून साफ आहे. दर वर्षी तिचा गुन्हा नव्याने शाबीत होतो, आणि तो शाबीत करणारा हात माझा असतो. परीक्षानळी खोटं बोलत नाही असं आम्ही भिंतीवर लिहून ठेवलं आहे. ती खोटं बोलत नाही हे खरंच आहे. ती विचारलं तेवढंच सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे असतं त्याला जाऊन चिकटते.

उन्हाळ्यात नाला आटतो. वाळूत हातभर खड्डा करायचा, त्याला तिकडे झिरा म्हणतात. त्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं, वाटीने गुंडात भरायचं, पुन्हा बसायचं. वर ऊन असं की तेंदूची पानं तोडणारेही दुपारी सावली धरतात. गेल्या दोन उन्हाळ्यांत पार्बताबाई पोटाच्या दुखण्याने दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी पाणी बदलायला सांगितलं.

या मार्चमध्ये प्रयोगशाळेत ती मुलगी "रंग सुटला" म्हणून ओरडली त्याच आठवड्यात माझ्या मनात एक विचार आला आणि जाईना. बाटलीत मी साबणाचा एक थेंब टाकला तर? खालचा थर निळा होईल. पार्बताबाईने इतकी वर्षं विहिरीला हात लावलेला नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ती नसताना पाणी निळं झालं म्हणजे तिच्यामुळे झालं नव्हतं. खरं बोलून जे जमलं नाही ते एका थेंबात जमेल. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी एकही आकडा बदललेला नाही. परीक्षेत मुलांनी ठोकून दिलेली निरीक्षणं मी लाल शाईने खोडत आले आहे. तरी पर्समध्ये शॅम्पूची पुडी टाकली. एसटीत बसल्यावर मात्र दुसरं सुचलं. निळं झालं की लोक माना वळवतीलच. मग कोणाकडे वळवतील? विहिरीच्या दुसऱ्या अंगाला आता एक चहाची टपरी झाली आहे, सिरोंचाकडून आलेल्या एका तेलुगू कुटुंबाची. ते भांडी तिथेच घासतात. ते कुटुंब डोळ्यांपुढे आलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. पळस होता बाहेर. बघितला.

म्हणून बाटली भरण्याआधी पार्बताबाईला विचारायला गेले. ती अंगणात मोहफुलं उलटवत होती. महादेव मिरचीला. मी तिच्याजवळ टेकले आणि मनातलं सगळं बोलून टाकलं.

"पार्बताबाई, मी बाटलीत साबणाचा एक थेंब टाकते. बुडाले निळं होईल. तुमी त इहिरीवर जातच नाही. मग लोकांनाच कळंल."

तिचा हात फुलांवर थांबला. "बाटलीत टाकसान?"

"बाटलीतच. विहिरीत नाही."

"आन निळं होईन?"

"होईल."

"पान्यात काई नसन तरी?"

"तरी."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नव्हे. बाजारात ओळखीचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये, तसं.

"म्हंजे तवाबी तुमीच टाकलं होतं का, बाई?"

मी नाही म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: पावडर, बाटली, लिंबाचा वास, कमी पाण्यात खंगाळणं. हेच मी तिला तेव्हा सांगितलं होतं आणि तिने मान हलवून सोडून दिलं होतं. आज तिने प्रत्येक शब्द ऐकला. बाटलीने निळं होऊ शकतं, हे तिला इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदा पटत होतं, आणि पटवणारी बाई नुकतीच खोटं करायला तयार झालेली होती.

"धुतली मीच," ती म्हणाली. मग फुलं सारत, "पन आनली तुमी."

"हो."

"आन काऊन आनली होती?"

सप्ताह होता, एवढंच मला आठवलं.

ती उठली, गुंड घेतला, आणि चालू लागली. आता तरी विहिरीकडे वळेल असं मला क्षणभर वाटलं. ती चबुतऱ्याच्या कडेने, फरशीवरच्या नावाकडे न बघता, खाली उतरली. मी मागे गेले. नाल्यात पाण्याचा ओला पट्टा तेवढा उरला होता. तिने वाळू उकरली, आम्ही दोघी काठावरच्या सावलीत बसलो. पाणी झिरपत होतं, आधी मातकट, मग जरा निवळ. तिने वाटी बुडवली, भरली, आणि गुंडात ओतण्याआधी माझ्यापुढे धरली.

"पेवा, बाई. ह्याच्यात कोनं काई टाकलं नाई."

वरच्या अंगाला गुरं बसतात, त्याच्याही वर दोन गावं आहेत. मी रसायनशास्त्र शिकवते. त्या वाटीत काय काय असेल याची यादी मी उभ्या उभ्या सांगू शकले असते.

मी प्यायले.